खोडवडीची तोप

नानासो इंगवले तोफखान्यात होते. हे वाक्य गावात कुणी पुरतं संपू देत नसे, कारण त्यापुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ते तोफखान्यात स्टोअरवर होते.

खोडवडी म्हणजे उंब्रजच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की लागणारं गाव. ऊस, दूध आणि पलटण यांवर चाललेलं. घरटी एक माणूस फौजेत. पेन्शनीत आलेली मंडळी सकाळी पारावर बसत आणि आपापल्या लढाया सांगत. नानासोंकडे सांगायला लढाई नव्हती. नोकरीभर त्यांनी ताडपत्र्या, जाळ्या, दोर आणि ग्रीसचे डबे दिले, आणि मोजून परत घेतले. ती सवय अंगात इतकी मुरलेली, की शेजाऱ्याला कुदळ उसनी दिली तरी ती दांड्यासकट परत आली का, हे ते पाहत.

"आमी गोळ्या झेलल्या," सुभेदार जोतीराम म्हणायचे, "आन् आमच्या नानानं तोफंला पांघरूण घातलं. न्हाईतर सर्दी झाली आसती तिला."

सगळे हसत. नानासोही हसत. पेन्शन सुरू झाल्यापासून ते हसतच आले होते.

गावाचं दुखणंही असंच होतं. पूर्वेच्या गावात कुणा सरदाराची समाधी होती. पश्चिमेच्या गावाच्या डोक्यावर पडका का होईना, किल्ला होता. खोडवडीला काहीच नव्हतं. शाळेची सहल गावात एकदाच थांबली होती. तीही बस पंक्चर झाली म्हणून.

मग सुलाबाईंचा गुडघा बसला.

सुलाबाई नानासोंची बायको. माहेर जतच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या शिवेवर. बोलताना मधूनच एखादा कानडी शब्द सांडायचा. नानासो म्हणायचे, "मराठीत बोल." त्या म्हणायच्या, "मराठीतच बोलतीया, तुमचे कान उंब्रजचे हायत."

ऑपरेशन मिरजेला झालं. दवाखान्यात भेटायच्या वेळा ठरलेल्या, मधला सगळा दिवस मोकळा. नानासो हिंडत राहिले. सतारीवाल्यांची गल्ली पाहिली. भोपळे वाळत टांगलेले पाहिले. एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्याच्या दुकानापुढं सावली होती, म्हणून तिथं टेकले. फ्रेमवाला एका जुन्या शिसवी चौकटीतून आतला कागद काढत होता. चौकटीला गिऱ्हाईक मिळालं होतं. कागदाला नव्हतं.

तो नकाशा होता. जाड, पिवळट कागद. डोंगर म्हणजे सुरवंटासारख्या बारीक, केसाळ रेघा. ओढा वळणं घेत गेलेला. मध्ये तांबड्या आणि निळ्या पट्ट्या, हातानं रंगवलेल्या. बोट फिरवलं तर अक्षरं बोटाला लागत. नानासोंनी चष्मा लावला. एका ठिपक्याशेजारी इंग्रजीत 'कोडवारी' लिहिलेलं होतं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. वर उंब्रज होतं, वेगळ्याच स्पेलिंगात. शेजारून नदी. गावाबाहेरच्या मारुतीच्या जागी 'पॅगोडा' छापलं होतं. ते नानासोंनी माफ केलं. आणि ओढ्याच्या वळणावर, अगदी बारीक अक्षरांत, चार अक्षरी शब्द. टी, ओ, पी, ई.

नानासो उभे राहिले.

फौजेत भरती झाल्यावर त्यांना रोमन हिंदी शिकवली होती. अक्षरं इंग्रजी, शब्द हिंदी. हा शब्द त्यांनी फाटकांवर, पेट्यांवर, ताडपत्र्यांवर सारी नोकरी पाहिला होता. तोप, म्हणजे तोफ. शेवटचा 'ई' कशाला, ते कळेना. तो त्यांनी इंग्रजांना बहाल केला.

"काका, आवडला तर न्या," फ्रेमवाला म्हणाला. "नाहीतरी माळ्यावर उंदरं खातील."

सुलाबाईंच्या एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. नकाशा त्यात बरोबर बसला. सुलाबाई ऑपरेशननंतर बहिणीकडं जतला गेल्या, कारण तिथं दवाखान्याचा मालिशवाला घरी येणार होता. नानासो पाकीट छातीशी धरून एकटेच गावी आले.

पारावर त्यांनी पाकीट उघडलं तेव्हा जोतीराम म्हणाले, "गुडघ्याचा फोटू दावतुयास व्हय रं?"

"बगा तरी."

बघितलं. मग कुणी हसलं नाही.

दुपारी नकाशा ग्रामपंचायतीच्या टेबलावर होता. सरपंचबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांचे यजमान राजवर्धन बोलले, नेहमीप्रमाणं. राजवर्धन हुशार गडी. त्यांनी मोबाइलवर गाव उघडलं, ओढ्याचं वळण जुळवलं, मारुतीपासून अंतर धरलं. बोट सरकत सरकत एका जागी थांबलं.

"नाना," ते म्हणाले, "ही तर तुमची आमराई."

जोतीराम सावकाश उठले आणि आपली खुर्ची नानासोंकडे सरकवली. "बस नाना," ते म्हणाले. नानासोंनी आधी खुर्चीचे चारही पाय पाहून घेतले, मग बसले. तोफखान्यातला माणूस, आणि तोफ त्याच्याच रानात. देवाला एवढं जुळवून आणायला जरा उशीर झाला होता, इतकंच.

"हे खाली वळणदार अक्षरात काय लिव्हलंय?" राजवर्धननी विचारलं.

नानासोंनी अडखळत वाचलं. "शत्रूचा संपूर्ण पराभव झाला आसं हाय."

"वा! मग झकासच की."

नानासोंनी पुन्हा वाचलं. त्यांनाही कळायला थोडा वेळ लागला. "राजवर्धन, नकाशा इंग्रजाचा हाय. शत्रू म्हंजी आपण."

राजवर्धननी नकाशाची खालची कड बोटांनी मोजली.

"हे कडंलाच हाय," राजवर्धन शेवटी म्हणाले. "ह्यो भाग कापला तर नकाशाला काय हुतंय? तसाबी मशीनमधी बसंना."

कऱ्हाडला नेऊन नकाशा लॅमिनेट करून आणला. पराभव कापलेला, बाकी चकाचक. आता त्याच्यावर चहा सांडला तरी पुसता येत होता. नानासोंना ते बरं वाटलं. वस्तू टिकली पाहिजे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

पुढचं भराभर झालं. समिती झाली आणि तिचे अध्यक्ष जोतीराम झाले. हायवेवर फ्लेक्स लागला. त्यावर नकाशा, त्याच्या एका कोपऱ्यात राजवर्धन, दुसऱ्यात जोतीराम, खाली गावातले सगळे शुभेच्छुक, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'तोप'. नानासोंचा फोटो दोरी बांधली होती तिथं आला, त्यामुळं एक कान तेवढा दिसत नव्हता. शिरवळकडच्या एका कारागिराला सिमेंटच्या तोफेची ऑर्डर गेली. ज्या जागी तोप छापलं होतं, नेमक्या त्याच जागी ती बसवायची. ग्रामसभेत विचारलं, "नाना, जागा देताय न्हवं?" टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. नानासो म्हणाले, "दिली."

दोन-चार दिवसांनी ते आमराईत गेले तर प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्याची फुली होती.

ती रायवळ झाडं होती. नानासोंच्या वडिलांनी लावलेली. प्रत्येकाला नाव होतं. शेप्याला शेपूचा वास. खोबऱ्या कच्चा खाल्ला तरी गोड. गोटी लहान, पण रसाची. थोरल्या लेकीच्या सासरी शेप्या जायचा, धाकटीच्या सासरी गोटी. चुकून उलटं झालं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागे. नानासो फुल्या पाहत उभे राहिले. मग तडक राजवर्धनकडे गेले.

"झाडं कशाला तोडताय?"

"आवं नाना," राजवर्धन समजुतीनं म्हणाले, "झाडात तोफ दिसंल का? लोकांनी फोटू कसा काढायचा? आन् पार्किंग?"

नानासो तसेच परत फिरले. शब्द देऊन बसले होते. शिवाय तोफ त्यांचीच होती.

त्याच आठवड्यात सुलाबाई काठी टेकत परत आल्या. जीप हायवेवरून आत वळताना त्यांनी फ्लेक्स वाचला. घरात येऊन बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "आवं, आपल्या आमराईचा फोटू कशाला लावलाय एवढा मोठा?"

"आमराईचा न्हवं. तोपेचा."

"त्येच की. तोपू."

"तोपू काय? तोप!"

"माझ्या माहेरी आमराईला तोपूच म्हणत्यात. मावीन तोपू. ल्हानपणी तिथंच खेळायचो आमी. त्यात तोफ कुठनं आली?"

"तुझ्या माहेरच्या कानडीत इंग्रज नकाशा काढंल व्हय?" नानासो म्हणाले. पण आवाज हवा तेवढा चढला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पंचायतीतून नकाशा मागून घेऊन एसटीनं साताऱ्याला गेले. तिथं वीरधवल सर होते. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि जुन्या नकाशांचा शौक असलेले. त्यांनी एक्स-रेचं पाकीट उघडलं. नकाशा पाहिला. मग ते आत गेले, पाणी पिऊन आले आणि पुन्हा बसले.

"हे लॅमिनेशन कुणी केलं?"

"गावानं."

"आणि कडा?"

"त्यात आपला पराभव हुता."

सरांनी डोळे मिटले. नंतर ते बराच वेळ नकाशाबद्दल बोलले. तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरून मग छापतात. पत्र्याचा दाब कागदाच्या कडेला उमटतो, त्यावरून अस्सल ओळखायचा. आता कडच नव्हती. कोरणाऱ्याचं नाव, साल, सगळं त्या पट्टीत गेलं होतं.

"आशा किती प्रती आसतील, सर?" नानासोंनी विचारलं.

"फार थोड्या," सर म्हणाले. "आता त्यातली एक कमी."

नानासोंना स्वतःच्या हातून स्टोअर जळाल्यासारखं वाटलं. पण ते ज्यासाठी आले होते ते विचारणं भाग होतं. त्यांनी चार अक्षरांवर बोट ठेवलं. सरांनी भिंग धरलं.

"टोप. झाडांची राई. हा नकाशा मद्रास पलटणीबरोबरच्या कुणा अधिकाऱ्यानं काढलेला दिसतोय. ती माणसं शब्द तिकडूनच घेऊन आली. देवळाला पॅगोडा लिहिलंय, बघा. आणि शब्दाभोवती ही बारीक झाडंही कोरलीयत."

नानासोंनी भिंगातून पाहिलं. झाडं होती, इवलीइवली, प्रत्येकाला सावलीसुद्धा दिलेली. इतके दिवस त्यांना तो तोफेचा धूर वाटत होता.

एसटीत ते खिडकीशी बसले. नकाशात त्यांची आमराई होती. झाडं तेव्हाची वेगळी, वडिलांनी नंतर लावली ती वेगळी, पण राईची जागा तीच. दोनशे वर्षांमागं एका परक्या माणसानं लढाईच्या धामधुमीत ती पाहिली, टिपून घेतली, आणि पुढं कुणीतरी तांब्यात कोरली. आणि ती तिथं होती याची आठवण म्हणून गाव आता ती तोडणार होतं. नानासोंना हसू येईना. कंडक्टरनं सुटे पैसे दिले तेही त्यांनी मोजले नाहीत.

झाडं तोडायच्या दिवशी निम्मं गाव आमराईत जमलं. नारळ आणला होता. लाकूडतोड्या मशीनमध्ये पेट्रोल ओतत होता. नानासो खोबऱ्याच्या बुंध्यापुढं जाऊन उभे राहिले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "हितं तोप नव्हती."

"आं?" जोतीराम पुढं आले. "मग काय हुतं?"

"आमराई. तोप म्हंजी आमराई. कानडीत."

मग जोतीराम म्हणाले, "म्हंजी आपल्या लोकांनी इंग्रजावर कैऱ्या मारल्या म्हण की!"

आमराई हसून हलली.

"साताऱ्याच्या सरांनी बगून सांगितलंय," नानासो म्हणाले.

"सर फौजेत हुते का?"

"न्हाई."

"मग त्यांना तोप काय कळनार?"

राजवर्धन जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाना, झाडात जीव आडाकला आसंल तर तसं सांगा. आमी समजून घिऊ. पर इतिहासात ढवळाढवळ करू नगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "गावाला जल्मात एक तोफ मिळत्या, ती बी बगवंना."

नानासोंनी गावाकडं पाहिलं. आयुष्यभर ते खरं बोलत आले होते. चार जाळ्या असतील तर चारच सांगत, आणि त्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. आज पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. लाकूडतोड्यानं मशीनची दोरी ओढली. ती एकदा गुरगुरून बंद पडली. त्यानं पुन्हा हात घातला.

"बरं," नानासो म्हणाले. "तोफ हुती."

मशीनवाला थांबला.

"जोतीराम, तुमी सुभेदार मानूस. लढाईत तोफ उगड्यावर ठिवत्यात का?"

"येडा हायस का? पयल्या गोळ्यात उडंल."

"मग?"

"आडोशाला ठिवत्यात."

"आन् मी सारी नोकरी काय वाटलं?"

जोतीरामांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं. "जाळ्या," ते म्हणाले.

"कशाला?"

"तोफ झाकायला."

"दोनशे वर्सांमागं जाळ्या हुत्या?"

जोतीरामांनी मान वर केली. वर खोबऱ्याच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या. खाली ऊन कवडशांनी पडलं होतं. जोतीरामांच्या अंगावर, राजवर्धनच्या अंगावर, मशीनवर, सगळीकडं ठिपके. नानासोंनी बोट वर केलं आणि नोकरीत कुणी त्यांच्याकडून कधी ऐकून घेतलं नव्हतं ते सगळं सांगितलं. पान कसं लपवतं. सावली कशी मोडते. उघड्या माळावरची तोफ कशी मरते आणि झाडाखालची कशी जगते. त्यांचा आवाज चढत गेला. या झाडांनी तोफ पदराखाली घेतली, ते म्हणाले, आणि आज आपण त्यांच्याच गळ्याला करवत लावायची?

"मंग इंग्रजाच्या नकाशात कशी आली?" एकानं विचारलं.

याचा नानासोंनी विचार केला नव्हता.

"लढाई झाल्यावर घावली आसंल," उत्तर जोतीरामांनीच दिलं. "आन् फितूर एक आसतुयाच."

सगळ्यांनी पूर्वेच्या गावाकडं पाहिलं. ते पटण्यासारखं होतं.

नानासोंच्या वडिलांनी ही झाडं लावताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, असे दोन म्हातारे गर्दीत पुढंच उभे होते. तेही माना डोलवत होते. नारळ शेवटी खोबऱ्याच्या मुळाशी फोडला. लाकूडतोड्याला चहा पाजून वाटेला लावलं.

घरी सुलाबाईंनी विचारलं, "मंग? खोटं बोलून झाडं राखली?"

"व्हय."

"आदी खरं बोलून बगायचं."

"बगितलं की."

सिमेंटची तोफ आली ती झाडांच्या आत, पार सावलीत बसवली. राजवर्धननी फोटोसाठी पायवाट केली. आमराईला तारेचं कुंपण झालं. बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे दिले आणि फाटकावर पाटी लागली, 'वीरवृक्ष'. सहली यायला लागल्या, पंक्चर न होता. नानासोंना आता पारावर खुर्ची असते. तोफेला पांघरूण घातल्याचा विनोद कुणी करत नाही, कारण तेच आता गावाच्या इतिहासाचं मुख्य प्रकरण आहे. लॅमिनेट केलेला नकाशा पंचायतीत भिंतीवर आहे. त्यावर उजेड पडला की काहीच वाचता येत नाही. त्यामुळं वाद होत नाहीत.

यंदा मोहोर चांगला धरला. कैऱ्या लागल्या तसं सुलाबाईंनी लोणच्याचा मसाला भाजून ठेवला आणि नानासोंना कैऱ्या काढायची आकडी घेऊन धाडलं. फाटकाशी जोतीराम बसले होते. गळ्यात शिट्टी होती.

"नाना, हात लावायचा न्हाई."

"आवं, माझी झाडं."

"तुजी हुती. आता गावाची शूर झाडं हायत. तूच सांगितलंस. जवानाच्या अंगावरची फीत कुनी वरबाडतंय का?"

नानासो आकडी घेऊन परत फिरले, आणि सोमवारी उंब्रजच्या बाजारात गेले.

एका बाईनं पोत्यावर कैऱ्यांचा ढीग लावला होता. भोवती गर्दी होती. "घ्या, खोडवडीच्या हायत," ती ओरडत होती. "तोफंच्या झाडाच्या! लढाईतल्या!" शेजारच्या ढिगापेक्षा तिचा भाव चढा होता, आणि लोक देत होते.

नानासोंनी एक कैरी उचलली. देठ पाहिलं, नखानं साल टोकरली, नाकाशी धरली. कुठल्यातरी दूरच्या बागेतली, ट्रकमधून आलेली, एका साच्यातली कैरी. खोडवडीच्या मातीत ती कधी आली नसती.

"खरंच तिथल्या हायत का हो, काका?" पिशवी उघडून उभ्या असलेल्या एकीनं त्यांना विचारलं. आणखी दोघंतिघं त्यांच्या तोंडाकडं बघू लागली.

"व्हय," नानासो म्हणाले. "वासावरनंच कळतंय."

विकणाऱ्या बाईनं दचकून त्यांच्याकडं पाहिलं. मग तिनं त्यांच्या किलोभर कैऱ्या तोलल्या आणि वर पिशवीत दोन जास्तीच्या टाकल्या.